नऊ टोल

हॅम्बर्गमध्ये घर मिळेना म्हणून आम्ही तासाभरावरच्या या खेड्यात आलो, आणि तेव्हापासून मी दमलेलीच आहे. सकाळची गाडी, संध्याकाळी हमखास उशिरा येणारी गाडी, मधे ऑफिस, आणि घरी मराठीत विचारलं की जर्मनमध्ये उत्तर देणारी लेक. अशा बाईने नवीन काम अंगावर घेऊ नये. मी घेतलं. हौसेला मोल नसतं म्हणतात. मला तर हौससुद्धा नव्हती.

शेजारी एक आजी राहायच्या. ऐंशी ओलांडलेल्या, काठी घेऊन चालणाऱ्या, आवाज मात्र हेडबाईंचा. मी त्यांना तोंडावर आजीच म्हणायचे. अर्थ सांगितल्यावर म्हणाल्या, "नातवंडं नाहीत मला. चालेल." त्यांचे आजोबा डेन्मार्कहून इथल्या डेअरीत कामाला आले होते. बरोबर आणखी दहा-बारा घरं. गावात लुथरन चर्च होतंच. देव तोच, बायबल तेच, पण गाणी जर्मनमध्ये. ते काही यांच्या घशाखाली उतरेना. मग दिवसभर धारा काढायच्या आणि संध्याकाळी विटा रचायच्या, असं करत या लोकांनी गावाबाहेर स्वतःचं चर्च उभं केलं. मला हसूच आलं. हॅम्बर्गमध्ये आमच्या एका मंडळाची दोन झाली ती आरतीच्या चालीवरून. म्हटलं, "आजी, हे मला समजावू नका. हे आमच्याकडे रोजचंच आहे."

आता त्या दहा-बारा घरांतलं एकही उरलं नव्हतं, आजी सोडून. रविवारी सहा-सात डोकी, त्यात दोघांना ऐकू येत नाही. वरून पत्र आलं: एन्टविडमुंग. म्हणजे एक शेवटची प्रार्थना करायची, मेणबत्त्या विझवायच्या आणि चर्चचं चर्चपण काढून घ्यायचं. पुढे तिथे सुट्टीत भाड्याने द्यायची घरं होणार होती.

आजींनी पत्र वाचलं, घडी घातली आणि एवढंच म्हणाल्या, "पण शेवटचे नऊ टोल हाताने पडले पाहिजेत."

ही त्यांची डेन्मार्कहून आणलेली रीत. घंटा वाजवून झाली की ती थांबू द्यायची, मग तिच्या आतल्या लोळ्याला बांधलेल्या दोरीने सावकाश नऊ टोल द्यायचे. तीन, मग तीन, मग तीन. मधल्या दोन्ही थांब्यांना मनातल्या मनात त्यांची एक प्रार्थना पूर्ण म्हणायची. आधी आजोबा, मग वडील, मग चाळीसेक वर्षं आजी. आता त्यांचा खांदा उठत नव्हता. पास्टर बिचारे भले. म्हणाले, रेकॉर्डिंग लावू. आजींनी अशी काठी आपटली की म्हटलं, फरशी गेली. सुंभ जळाला तरी पीळ काही जळत नाही! आणि मी, अख्खा आठवडा पिळून निघालेली, तिथे बसून म्हणाले, "मी वाजवते."

मग दर शनिवारी संध्याकाळी सराव. अरुंद जिना, हाताला फोड, पाठीत कळ. वर मी, खाली बाकावर आजी. तिसऱ्या शनिवारी खाली उतरले तर आजी माझ्याकडे रोखून बघत होत्या.

"थांब्याला तू काय म्हणतेस?"

चोरी पकडली गेली. त्यांची प्रार्थना मला येत नव्हती, पाठ करायला वेळ नव्हता, म्हणून मी लहानपणापासून येणारं 'शुभं करोति' म्हणत होते. खरं ते सांगितलं. वाटलं, आता काठी माझ्यावर. आजींनी म्हणायला लावलं, डोळे मिटून ऐकलं.

"चांगली आहे. पण आखूड आहे. दोनदा म्हण."

त्या दिवशी मला त्यांची खरंच माया वाटली.

शेवटच्या रविवारी चर्च गच्च भरलं. इतकी वर्षं न फिरकलेले सगळे आले, फोटो काढायला. मला संताप आला. जा, जा, काय सुंदर चर्च म्हणे! मग इतकी वर्षं कुठे होता? आजी पहिल्या बाकावर, काळ्या कोटात, ताठ. प्रार्थना झाली, मेणबत्त्या विझल्या. मी वर गेले.

घंटा वाजवली, थांबू दिली. तीन टोल दिले. शुभं करोति दोनदा. पुन्हा तीन. पुन्हा शुभं करोति दोनदा.

आणि हात पुढे जाईना. तीन टोल उरले होते. ते दिले की संपलं. धारा काढून आलेल्या त्या माणसांचं सगळं संपलं, आणि संपवणारी मी, कुठली कोण! मी पुन्हा शुभं करोति म्हटलं. पुन्हा म्हटलं. खाली कुणीतरी खोकलं, एक बाक करकरला. सहाव्यांदा म्हणताना मला रडू आलं. मग डोळे पुसले आणि उरलेले तिन्ही टोल दिले.

उतरले तेव्हा लोक कॉफीकडे निघाले होते. आजी अजून बाकावरच होत्या. आता ऐकून घ्यावं लागणार, त्यांच्या नऊ टोलांची मी वाट लावली होती. त्यांच्याजवळ बसले.

"माफ करा आजी. फार वेळ घेतला मी."

"माझी प्रार्थना तीनदा झाली," त्या म्हणाल्या. "तुला हाक मारणार होते."

"मग मारली का नाही?"

आजींनी माझा फोड आलेला हात आपल्या मांडीवर घेतला. "तू थांबलीस तेवढा वेळ ते चर्चच होतं ना."