ऑलराइट बाबलीचं गाऱ्हाणं

बाबली कुबल आगबोटीवर आगवाला होता. वीस-बावीस वर्षं त्याने भट्टीत कोळसा ओढला आणि गोव्यात अजून पोर्तुगीज होते त्या काळात तो कायमचा मालवणास परतला. बाकीचे खलाशी येताना घड्याळं आणीत, रेडिओ आणीत. बाबलीने एक इंग्रजी शब्द आणला. तोही एकच.

बोटीवर साहेब वरून काहीतरी ओरडे आणि बाबली खालून ‘ऑलराइट’ म्हणे. साहेबाचं बाबलीला कळत नसे, बाबलीचं साहेबाला ऐकू जात नसे, तरी बोट बंदराला लागे. ज्या शब्दावर एवढी बोट चालली, त्यावर घर चालायला काय हरकत आहे, असा त्याने विचार केला असावा.

बाजारात पेडवे ताजे आहेत का असं विचारलं, तर बाबली कल्ला उचलून बघे आणि म्हणे, ‘ऑलराइट.’ म्हणजे खुशाल घ्या. तेच नाक आक्रसून म्हटलं तर मासळी परवाची. लांबवून ‘ऑऽऽलराइट’ म्हणजे नंतर बघू, म्हणजेच नाही. पंचा खांद्यावर टाकत म्हटलं तर स्वारी निघाली. बैलाला उठवायचं ऑलराइट निराळं, थांबवायचं निराळं, आणि बैल बिचारा कधी चुकला नाही. चुकलो ते आम्ही. शेजारचा म्हातारा गणपत आजारी होता, तेव्हा बाबलीने टोपी काढून सांगितलं, “गणपतदादा ऑलराइट झालो.” आम्ही हौसेने पेज घेऊन गेलो, तर अंगणात तिरडी बांधणं चाललेलं.

त्याची बायको आनंदी मात्र ह्या शब्दाला विटली होती. आमटीत मीठ किती, ऑलराइट. कौलं गळतात, ऑलराइट. “ह्यांच्यापरास भिंत बरी,” ती म्हणे, “ती गप तरी ऱ्हवता.” आम्ही हसायचो. हसणाऱ्याचं काय जातं? मला विचाराल तर तिचंच खरं होतं. वीस वर्षं चार दिवसांचा पाहुणा होऊन घरी येणाऱ्या माणसाला घरात बोलायची सवयच राहिली नव्हती.

त्यांना जानकी ही एकुलती मुलगी. तिला वेंगुर्ल्याचं स्थळ सांगून आलं. मुलगा सालस, बापाच्या काजूच्या धंद्यात हाताशी असलेला, आणि जानकीने त्याला जत्रेत पाहिलेला. तिला तो पसंत होता. तिने तसं आईला स्वच्छ सांगितलं होतं. अडचण होती ती मुलाच्या बापाची. गुरुदास म्हणजे रीतीभातीला कडक माणूस. गोव्याची हद्द जवळ, न जाणो बाटायचो, म्हणून बिस्किटसुद्धा संशयाने खाणारा.

आमच्या वाडीची रीत अशी, की लग्न ठरवण्याआधी दोन्हीकडच्यांनी रवळनाथाच्या देवळात जायचं. मुलीच्या बापाने देवापुढे गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे मोठ्याने मागणं मागायचं, आणि उभ्या असलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. जो म्हणेल तो त्या बोलण्याला देवासमोर बांधला गेला. मागाहून हात झटकता येत नाहीत. मग गुरव कौल लावून देवाचा होकार-नकार विचारतो.

बाबली गाभाऱ्यासमोर उभा राहिला. हात जोडले, घसा खाकरला.

“बा देवा रवळनाथा म्हाराजा! ह्यां माझा चेडू... ऑलराइट. हे वेंगुर्ल्याचे सोयरे... ऑलराइट. आता फुडचा काय ता तुया... ऑलराइट!”

“व्हय म्हाराजा!” आम्ही सवयीने ओरडलो.

“थांबा!” गुरुदास गरजले. “हेका गाऱ्हाणा म्हणतत? इंग्रज गेलो, आणि ह्यो देवाक इंग्रजी शिकयता! देवाक काय कळला तां?”

दुसऱ्या गावात ह्यावर भांडण झालं असतं. आमच्याकडे महादू गुरव होता. त्याने शांतपणे डोकं खाजवलं आणि म्हणाला, “कळला काय नाय, तां देवाकच इचारूया.” आणि त्याने खरोखरच मूर्तीच्या दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. बाबलीचं बोलणं पावलं असेल तर उजवी पाड, नसेल तर डावी.

सगळी वाडी पाकळ्यांकडे बघत उभी. अर्धे लोक ऑलराइटच्या बाजूने होते. टपकन डावी पाकळी पडली.

गुरुदासांनी छत्री काखेत मारली. “झाला! देव नाय म्हणता. चला.”

खांबाआड जानकीचा चेहरा उतरला. आनंदीने कपाळाला हात लावला.

“देव स्थळाक नाय म्हणूक नाय,” महादू म्हणाला. “तेका कळाक नाय इतक्याच तेणा सांगल्यान. बाबली परत सांगतलो.”

गुरुदास पायरीवर टेकले. “एकदाच. तो शबूद इलो काय मी चललंय.”

बाबली पुन्हा उभा राहिला. ‘बा देवा’ म्हणाला आणि थांबला. ओठ हलत होते. तो शब्द दातांपर्यंत येऊन परत जाताना आम्हाला दिसत होता. हसायचं कुणाला सुचलं नाही. त्याने मागे वळून जानकीकडे पाहिलं आणि बोलू लागला.

“म्हाराजा, ह्यां चेडू चलाक शिकला तेवा मी बोटीर होतंय. बोलाक शिकला तेवाय बोटीरच. हेच्या आवशीन हेका वाढयल्यान, मी नुसते पैशे धाडलंय. आता मी घराक इलंय, तर तां जावक निघाला. तेका घर बरा गावला आसा, माणसा बरी आसत, माका तेका आडवूचा नाय. पण म्हाराजा, माका तेका वायच बघूचा आसा. तेका आमच्यावांगडा बोलताना आयकूचा आसा. तर म्हयन्यातसून एकदा तरी सासरची माणसा तेका माझ्या घराक धाडूंदेत, इतक्या कर.”

सासरी गेलेली मुलगी गणपतीला आली तर आली, ही आमची रीत. महिन्याच्या महिन्याला माहेरी धाडणारं सासर कुणी पाहिलं नव्हतं. ‘व्हय’ म्हणणार कोण आणि कुणाच्या वतीने? माझेसुद्धा डोळे भरून आले होते.

गुरुदास पायरीवरून उठले. छत्री खांबाला टेकवली, वहाणा नीट बाजूला सारल्या आणि बाबलीच्या शेजारी येऊन त्यांनी हात जोडले.

“व्हय म्हाराजा!”

मग आम्ही ओरडलो, इतके की महादूने कौल लावायच्या आधीच पाकळ्या त्याच्या हातातून सांडल्या. त्या गडबडीत आनंदी नवऱ्याजवळ सरकली आणि डोळे पुसत पुटपुटली, “म्हयन्यातसून दोनदा म्हणूक काय झाला होता तुमका?”