काळी मोटार निवेपर्यंत

ती घटना घडून इतकी वर्षं झाली, पण उभी मोटार दिसली की माझा हात अजूनही आधी तिच्या बॉनेटवर जातो. घरचे हसतात. हसू देत. त्या सवयीमागे एक आख्खा गुन्हा आहे. त्यातल्या कुणाचंही नाव मी इथे घेणार नाही.

एकोणीसशे पन्नासनंतरची वर्षं होती. मी पिंपरीला नवा फौजदार होतो. हमरस्त्याच्या कडेने कारखान्यांच्या भिंती उठत होत्या, निर्वासितांच्या कॅम्पातली दुकानं वाढत होती, आणि माझा हात माझ्या डोक्यापेक्षा जोरात चालत होता. संशयित समोर आला की आधी दोन ठेवून द्यायच्या आणि मग नाव विचारायचं, ही माझी तपासाची पद्धत.

एके दिवशी टपालात एक निनावी कार्ड आलं. पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘डॉक्टरीणबाईंना गाडी घेऊ देऊ नका. जीव जाईल.’ खाली सही नव्हती, आणि कुठली गाडी तेही नव्हतं.

आमच्या भागात डॉक्टरीणबाई एकच. त्यांचा चिंचवडला दवाखाना होता. चाकणकडच्या गावांत त्या बाळंतपणं करायला जात, एसटीने आणि पुढे बैलगाडीने. एकदा बैलगाडी पोचेपर्यंत एक लेकुरवाळी गेली, तेव्हापासून त्यांनी मोटारीचा ध्यास घेतला होता. माझाही त्यात स्वार्थ होता. माझ्या बायकोला आई नव्हती, त्यामुळे पहिलं बाळंतपण माहेरी होणार नव्हतं. नाव याच बाईंकडे घातलं होतं आणि सातवा महिना चालू होता.

कार्डाची नोंद स्टेशन डायरीत करून मी ते जमादारांपुढे धरलं. ते म्हणाले, “साहेब, फिर्यादी नाही, गुन्हा घडलेला नाही. कलम कुठलं लावणार?” बरोबरच होतं. मी कार्ड घेऊन दवाखान्यात गेलो.

“बाई, सरळ नवी गाडी का घेत नाही?”

“नवीला नंबर लावून वर्ष-दोन वर्षं थांबावं लागतं,” त्या म्हणाल्या. “बाळंतपणं नंबर लावून थांबत नाहीत, फौजदारसाहेब.”

हमरस्त्यावर जुन्या गाड्यांच्या एका व्यापाऱ्याकडे त्यांनी दोन गाड्या पाहून ठेवल्या होत्या. एक काळी विलायती मोटार, चकचकीत, बंदिस्त. दुसरी लष्कराच्या लिलावातली रंग उडालेली जीप. बाईंचा कल काळीकडे होता, कारण तिच्या मागच्या सीटवर अडलेल्या बाईला निजवून आणता आलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सौदा ठरायचा होता. मीही येतो म्हटलं.

मी साध्या वेषात गेलो, धोतर-सदरा घालून. व्यापारी पाहताक्षणी म्हणाला, “या, बसा फौजदारसाहेब.” पायातले बूट सरकारी आहेत हे माझ्या ध्यानातच नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

बाईंबरोबर चाकणकडचे एक म्हातारे शेतकरी आले होते. त्यांना सगळे आप्पा म्हणत. त्यांची सून बाईंच्या हातून सुखरूप सुटली होती. आयुष्य चाकणच्या बैलबाजारात गेलेलं, मोटारीत मात्र ते कधी बसलेही नव्हते. मला मनातून हसू आलं.

व्यापाऱ्याने मिस्त्रीला खूण केली. काळी मोटार पहिल्याच फटक्यात सुरू झाली आणि मांजरासारखी गुरगुरू लागली. बाईंचा चेहरा खुलला. मी व्यापाऱ्याला दोन-तीन आडवेतिडवे प्रश्न विचारले, त्याने प्रत्येकाचं तयार उत्तर दिलं. माझे हात शिवशिवायला लागले. ठाण्यात नेऊन दोन लगावाव्यात, आपोआप बोलेल, असं वाटत होतं.

तेवढ्यात आप्पांनी गाडी बंद करायला लावली आणि बॉनेटवर तळवा टेकला.

“हिला सकाळच्या पारी कोन घेऊन गेलतं?”

“कुणी नाही, आप्पा,” व्यापारी म्हणाला. “कालपासून जागची हलली नाही.”

“मंग दोन मिंटांत अंग एवढं तापलं कशानं? ऊन बी अजून हितं पोचलं न्हाई.” मग ते माझ्याकडे वळले. “सायब, बैल घ्यायचा म्हंजी आमी आदल्या दिशी जातो. सकाळी दावणीला बसलेला बैल आपनहून कसा उठतो ते बघतो. शिंगं रंगवून, उभा करून दावला तर समदेच बैल तरणे. हिला निवू द्या.”

आणि ते शेडमधल्या बाकड्यावर मांडी घालून बसले.

मग आम्ही सगळेच बसलो. माझ्या नोकरीतलं ते सर्वांत लांब बसणं. व्यापारी आधी खूप बोलला. मग चहा आला. मग दुसऱ्या गिऱ्हाइकाची घाई निघाली, मग गाडी जरा पुढे घेऊन धुवायची निघाली. मी म्हटलं, “किल्ली माझ्याकडे द्या.” त्याने ती माझ्या हातावर ठेवली. मी हात उगारला असता तर त्याला ओरडायला तरी कारण मिळालं असतं. नुसत्या बसलेल्या माणसांवर तो ओरडणार काय?

तेव्हा माझं लक्ष मिस्त्रीकडे गेलं. साताऱ्याकडचा अबोल माणूस, मघापासून एकच पाना पुसत होता. त्याची नजर इंजिनावर नव्हती, पुन्हापुन्हा गाडीच्या खाली जात होती. मी उठलो आणि गुडघे टेकून खाली वाकलो.

“नका बघू, साहेब,” तो म्हणाला. “काळा रंग मारलाय, दिसायचं न्हाई. मी सांगतो.”

गाडी घाटात उलटलेली होती. खालची चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, मोडली होती; ती त्याने मालकाच्या सांगण्यावरून वेल्डिंगने जोडली होती. इंजिनही थकलेलं, गार असलं की उठायचंच नाही. गिऱ्हाईक यायचं असलं की तो पहाटे तासभर पुढून हँडल मारून ते कसंबसं सुरू करायचा आणि तापवून ठेवायचा.

“चाकणकडच्या खड्ड्यांत ही मधनंच मोडंल, साहेब. कार्ड मीच टाकलं. माझ्या बायकोची सुटका बाईंनीच केलीया. पन काळी म्हणून लिहिलं असतं, तर कुनी लिहिलं ते मालकाला तवाच कळलं असतं. ऱ्हायला खोली त्याचीच हाय.” एवढं बोलून तो पोरासारखा रडला. त्याला कुणी बोटही लावलं नव्हतं.

मी शेजारच्या दुकानांतून दोन पंच आणि ठाण्यातून एक शिपाई बोलावला. त्यांच्यासमोर शिपायाने निवलेल्या मोटारीचं हँडल घामाघूम होईस्तोवर फिरवलं, ती ढिम्म. खालचा रंग खरवडला तर बोटभर जाडीचा जोड निघाला. सगळं पंचनाम्यात घेतलं, मिस्त्रीचा जबाब साक्षीदार म्हणून नोंदवला. बातमी फुटल्यावर आधी फसलेली दोन गिऱ्हाइकं फिर्याद द्यायला पुढे आली, आणि व्यापाऱ्यावर चारशेवीस लागलं. पुढे त्याला शिक्षा झाली.

त्या दिवशी आप्पा निघायच्या आधी जीपकडे गेले. ती रात्रभर उघड्यावर, दवात उभी होती. मिस्त्रीने हँडल मारलं. दोनदा खोकली, तिसऱ्यांदा सुरू झाली.

“ही घ्या, बाई,” आप्पा म्हणाले. “दिसायला बापुडी हाय, पन आपल्या पायानं उठती.”

बाईंनी तीच घेतली आणि चालवायला, राखायला त्या मिस्त्रीलाच ठेवलं. मी म्हटलं, “बाई, यानेच तो जोड मारला होता.” त्या म्हणाल्या, “आणि यानेच सांगितला.”

पौषातल्या एका संध्याकाळी माझ्या बायकोला कळा सुरू झाल्या. बाई तेव्हापासून आमच्याकडेच होत्या. उजाडायच्या सुमारास बाहेर येऊन म्हणाल्या, “मूल आडवं आहे. पुण्याला न्यावं लागेल, आत्ता.” शेजारणींनी बायकोला गोधडीत गुंडाळून जीपमध्ये आणलं. मी बॉनेटवर हात टेकला. बर्फासारखं गार. इतकी भीती मला कुठल्या दरोडेखोरासमोर वाटली नव्हती. मिस्त्रीने हँडल मारलं. खोकली. पुन्हा मारलं. खोकली. तिसऱ्यांदा ती उठली, आणि मी भर रस्त्यात, गणवेशात, रडलो.

त्या प्रकरणानंतर मी आरोपीवर हात टाकणं सोडलं. माणूस आणला की त्याला बसवायचं, पाणी द्यायचं आणि वाट बघायची. तापवून ठेवलेली गोष्ट कुणीही झोकात सांगतो; निवल्यावर जी उरते ती खरी. ठाण्यातले शिपाई माझ्या पाठीमागे मला ‘निवू द्या साहेब’ म्हणत. मला ते पदकापेक्षा मोठं वाटे.

त्या दिवशी पुण्याला मायलेकी सुखरूप सुटल्या. ती मुलगी आता संसाराला लागली आहे. परवा ती आली आणि म्हणाली, “बाबा, आम्ही गाडी घ्यायची म्हणतोय. नवी घेऊ की जुनी?”

मी म्हटलं, “कुठलीही घे. फक्त बघायला पहाटे जाऊ, विकणाऱ्याचं दुकान उघडायच्या आधी.”