बर्थाची हाक

आमच्या देवबागची बर्था फर्नांडिस म्हातारी झाली, पण तिचा राग काही थकला नाही. मला तो राग आवडतो, हे आधीच सांगून टाकतो.

तिचा बाप रापणीत हाक द्यायचा. किनाऱ्यावर जाळं ओढताना एकाने हाक द्यायची, दोरावरच्यांनी ‘हैसा’ म्हणत ओढायचं, आणि हाक देणाऱ्याने लगेच पुढची ओळ घ्यायची. बर्था हेच ऐकत वाढली. डिस्कोचं वेड आलं तेव्हा आंतोनच्या बँडमधून ती लग्नं गाजवायची. बँडवाले मुंबईला कॅसेट काढायला गेले, तेव्हा तिने डिस्कोच्या ठेक्यावर बापाची हाक घातली. आंतोनने ती रेकॉर्ड करून घेतली आणि मग म्हणाला, “तुजो आवाज बरो आसा गो, पण तोंड कॅसेटवर चलाचा नाय.” कॅसेटवर फोटो आणि नाव आलं ते त्याच्या पुतणीचं, जॉयसीचं.

पुढे डीजेवाल्यांनी ती हाक कापून वाट्टेल तिथे चिकटवली. वरातीत तीच, जिममध्ये तीच, तारकर्लीच्या बोटींवर तीच. गळा बर्थाचा, कौतुक जॉयसीचं. मासे कापता कापता बर्था ते ऐकायची आणि तिचा हात जरा जोरात चालायचा.

यंदा गावच्या छोट्या चर्चच्या सणाला, कपेलाच्या फेस्ताला, आंतोनने जॉयसीचा सत्कार ठरवला. ती स्टेजवर नुसते ओठ हलवणार, हे बर्थाला कळलं. ती भांडायला गेली नाही. रापणीतल्या सगळ्यांना तिने पुढच्या रांगांत बसवलं आणि हाक आली की जबाब द्या, एवढंच सांगितलं.

गाणं लागलं, तेच डीजेवाल्यांनी कापलेलं. हाक आली आणि पुढच्या रांगा एका दमात गरजल्या, “हैसा!” जॉयसी दचकली. तिचा माईक खाली आला, तोंड मिटलं, आणि स्पीकरमधून हाक येतच राहिली. रापणकर पुढच्या ओळीची वाट बघत होते. पुढची ओळ होतीच कुठे? तीच कापलेली हाक पुन्हा पुन्हा. आधी कोणीतरी फिसकन हसलं, मग अख्खा मांडव हसायला लागला.

आंतोन घामाघूम होऊन बर्थाच्या खुर्चीपाशी आला. वर ये, पुढचं म्हण, आजचा दिवस आमची अब्रू राख, म्हणून गयावया करू लागला. बर्था उठलीसुद्धा नाही.

“आवाज माजो घेतलंस, तोंड तिचा लावलंस,” ती म्हणाली. “आता त्या तोंडाक सांग, पुढचा म्हणाक.”