ऑक्सिजनची नळी जोडणारा

कोरोनाच्या लाटेत वडील गंगाखेडच्या एका खासगी दवाखान्यात होते. सिलिंडरचा भरवसा नव्हता, म्हणून वॉर्डात ऑक्सिजनसाठी तांब्याची नळी टाकणं चाललं होतं. ते काम पन्नाशीचा एक सडपातळ माणूस एकटाच करत होता.

नळीला लहानसं कटर अडकवून तो ते गोल फिरवायचा, स्क्रू थोडा आवळायचा, पुन्हा फिरवायचा. तुकडा सुटला की नळी खाली झुकवून आतली धारदार कड पात्यानं खरवडायचा, टोक सँडपेपरनं घासायचा आणि एक डोळा मिटून आत बघायचा. मगच जोड द्यायचा.

मला राहवेना. "मामा, करवतीनं कापा की. लवकर होईल."

"करवतीनं लय कीस पडतो, साहेब. त्यो आत ऱ्हायला तर कुटं जाईल? पेशंटच्या नाकातच की."

दुपारी वडिलांच्या खाटेपर्यंत नळी आली. पुढं ते बरे होऊन घरीही आले. त्या दुपारी मी नर्सजवळ त्या माणसाचं कौतुक केलं, तेव्हा ती म्हणाली, "शेवटच्या खाटेवर त्यांची बायको आहे."

तिथवर अजून चार जोड बाकी होते. मी बघत उभा राहिलो. त्या चारही जोडांना त्यानं तेवढाच वेळ घेतला.