तळहातावरची डबल बेल

रोज सकाळी मी कुडाळच्या घरी डबे भरत असताना फोन एकदा वाजून बंद व्हायचा, लगेच पुन्हा एकदा वाजून बंद व्हायचा. उचलायचा नाही, असा नियम होता. दोनदा वाजला म्हणजे डबल बेल. सगळं ठीक आहे, गाडी जाऊ दे. माझे बापूमामा जन्मभर एसटीत कंडक्टर होते, आणि घशाच्या दुखण्यात आवाज गेल्यावर खुशाली कळवायची ही रीत त्यांनीच काढली होती. कंडक्टरने घंटी एकदा मारली की गाडी थांबते आणि दोनदा मारली की सुटते, हे एसटीने शाळेत गेलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. त्या दिवशी फोन एकदाच वाजला. मी तव्यावर चपाती टाकून दुसऱ्या घंटीची वाट बघत उभी राहिले... चपाती करपली, धूर झाला, तरी फोन गप्पच. मग गॅस बंद केला आणि नवऱ्याला म्हटलं, "गाडी काढा, आचऱ्याला जायचंय." त्याने विचारलं, "काय म्हणाले मामा?" पायात चप्पल सरकवून खाली जाऊन उभी राहिले.

याला आता दीड महिना होऊन गेला. मामांबद्दल लिहायचं तर आवाजापासूनच सुरुवात करायला हवी, कारण माणूस म्हणजे पाव हिस्सा शरीर आणि बाकी सगळा आवाज असा प्रकार होता. मालवण-आचरा गाडीत मागच्या सीटवर पेंगणारा माणूससुद्धा आपला थांबा चुकवत नसे. निवृत्त झाल्यावर हा आवाज देवळाच्या कामी आला. आमच्याकडे देवापुढे गाऱ्हाणं घालतात, म्हणजे एकाने गावाच्या वतीने देवाला मोठ्याने सांगायचं आणि बाकीच्यांनी दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणून साथ द्यायची. मामा गाऱ्हाणं घालायला उभे राहिले की देवाला ऐकलं नाही म्हणायची सोय उरत नसे. पण या आवाजाचं खरं काम घरात होतं. मामीची नजर काचबिंदूने गेली, त्याला काही वर्षं झाली होती. तेव्हापासून मामा घरातले थांबे पुकारत. "उंबरो इलो, पाय उचल!" "न्हाणीघर, न्हाणीघर! उतरणाऱ्यांनी पुढे येवा!" मामी वैतागून म्हणायची, "मी काय पाशिंजर आसंय?" आणि बिनचूक उंबरा ओलांडून जायची. काठी तिने कधी हातात धरली नाही. मामा बोलत असेपर्यंत तिला काठीची गरजच नव्हती.

काहीतरी बिनसलंय हे सगळ्यात आधी तिलाच कळलं. मी एकदा सुट्टीत गेले होते, मामा माडाखाली झावळ्या ओढत होते आणि आम्ही दोघी पडवीत बसलो होतो. मामी खालच्या आवाजात म्हणाली, "तुझ्या मामाच्या आवाजाक काय तरी खाता गो. रोज थोडा थोडा." मला तर तेव्हा काहीच जाणवलं नव्हतं. मी म्हटलं, सर्दी असेल. ती नुसती त्या दिशेला कान लावून बसून राहिली. पुढे जत्रेत ते साऱ्या गावाने ऐकलं. मामा नेहमीसारखे पुढे झाले, टोपी सारखी केली आणि सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा, आज तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली आसत..." "व्हय म्हाराजा!" "त्येंच्यावर जी काय इडापीडा आसात, ती..." आणि तिथे आवाज बंद. तोंड उघडं, मान ताठ, शिरा फुगलेल्या, पण बाहेर नुसती हवा. सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणायला थांबलेले. कुणी म्हणेना, कारण इडापीडेचं काय करायचं ते देवाला सांगितलंच गेलं नव्हतं. शेवटी दुसऱ्या एका मानकऱ्याने घाईघाईने वाक्य पुरं केलं. परतताना माझ्यामागून बायका चालल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "गाऱ्हाणा अर्धा रवला. ह्या काय बरा नाय." मामी माझ्या हाताला धरून चालत होती. ते ऐकून ती थांबली, देवळाच्या दिशेला वळली आणि हात जोडले.

गोव्यातल्या डॉक्टरांनी तपासून सरळच सांगितलं. स्वरयंत्रात गाठ आहे, यंत्रच काढावं लागेल, आवाज जाईल पण माणूस राहील. लवकर या, महिना घालवू नका. परतीच्या वाटेवर बांद्याला मामा आणि मी चहाला थांबलो, तेव्हा त्यांनी बशीत चहा ओतला आणि मला विचारलं, "चेडवा, तू पोरांका इंग्रजी शिकवतंस मां? मगे तुझ्या मामीक एक भाषा शिकवची आसा. तिका डोळे नाय, माका आवाज नसतलो. कशी शिकवतलंस?" मी वर्गात मुलांना नेहमी सांगते, नवी भाषा शिकायची तर आधी ती कशाला हवी ते पक्कं करा, मग टप्पे पाडा, पहिल्याच दिवशी सगळं घ्यायला जाल तर काहीच येणार नाही. तेच तिथे बाकड्यावर बसून सांगितलं. पहिला टप्पा जिवाचा: थांब, चल, पायरी, गरम, साप. दुसरा घरातल्या वस्तूंचा, तिसरा माणसांचा, आणि मग जोडून बोलणं. सुरुवातीला तोंडाने बोलायचं आणि त्याच वेळी हातावर खूण करायची, पुढे आवाज हळूहळू कमी करत न्यायचा. मामा ऐकत होते. म्हणाले, "म्हणजे माझो आवाज आसासरच शिकाक व्हया." मी मान हलवली. "आणि भांडाण? ता खंयच्या टप्प्यात?" मी म्हटलं, शेवटच्या. "मगे मी मेलंय," म्हणाले आणि हसले. हसताना घशातून फाटल्यासारखा आवाज आला आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाने मान वर करून बघितलं.

तळहात हीच पाटी ठरली. सिंगल म्हणजे थांब, डबल म्हणजे चल, हे तर आयतंच होतं. अडलं ते मामीपाशी. तिने दोन्ही हात पदराखाली घेतले ते काढेचना. "मी शिकूचंय नाय." मी समजावलं, रागावले, शेवटी हात जोडले. तिचं एकच, "शिकलंय तर ती लागतली. घर तथास्तु म्हणता गो." आपल्याकडे तिन्हीसांजेला अभद्र बोलू नये म्हणतात, वास्तू तथास्तु म्हणते. मामीने हा नियम पार टोकाला नेला होता. मुक्या माणसाची भाषा शिकायची म्हणजे माणूस मुका होऊ दे असं घराला आपणच सांगायचं. आपण शिकलोच नाही तर त्यांचा आवाज जायला धजणार नाही, अशी तिची जिद्द. इकडे मामांची जिद्द तिच्या वरताण. "ती शिकल्याशिवाय मी घसो कापूक देवचंय नाय. काळोखात तिका मुक्या माणसाबरोबर ठेवू?" ती शिकेना म्हणून हे जाईनात, आणि हे गेले नाहीत म्हणून तिला वाटे की आपलंच खरं. दोघंही एकमेकांसाठीच हटून बसली होती, आणि घशातली गाठ कुणासाठी थांबणार होती? मला दोघांचाही राग यायचा. खरं सांगायचं तर अजून येतो.

हॉस्पिटलातून फोन येत. मामा "पुढल्या आठवड्यात" सांगत. मग गळ्याभोवती ऐन उन्हाळ्यात मफलर आला. मग भात गिळताना ते मान फिरवून बसू लागले. मामीला हे दिसत नव्हतं, पण घोट अडल्याचं तिला ऐकू येई, आणि तसं झालं की ती हातातलं काम थांबवून देवाचं नाव पुटपुटू लागे. थांबे पुकारणंही कमी झालं. नुसतं "उंबरो" इतकंच ऐकू येई, तेही शेजारी उभं राहिलं तर.

एका रविवारी दुपारी मी न कळवता गेले. घरापुढच्या खळ्यात शिरताना आतून मामीच्या हाका ऐकू आल्या. "खंय आसात ओ? बोला मा. खंय आसात?" धावत आत गेले तर मामी माजघराच्या मधोमध उभी होती, दोन्ही हात पुढे पसरून हवा चाचपत. आणि मामा तिच्यापासून हातभर अंतरावर बाकावर बसले होते. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तोंडातून शब्द काढत नव्हते. सकाळपासून ते मुद्दाम एक अक्षर बोलले नव्हते, हे मला नंतर कळलं. मी ओरडणार होते, मामा, हे काय चालवलंय... पण त्यांचा चेहरा बघून दारातच थांबले. मामीचा हात फिरत फिरत त्यांच्या खांद्याला लागला. मग तिने मुठी वळल्या आणि त्यांच्या छातीवर मारत सुटली, आणि ते मारू देत होते. दमल्यावर खाली बसली. मग तिने पदराखालून उजवा हात काढला, तळवा उघडून त्यांच्या गुडघ्यावर ठेवला आणि म्हणाली, "शिकवा."

एकदा हात उघडल्यावर तिची प्रगती बघून मी माझ्या वर्गातली मुलं आठवत बसले. पंधरवड्यात पहिले दोन टप्पे संपले. मनगटावर नख म्हणजे गरम, तळव्यावर नागमोडी बोट म्हणजे साप, चिमूट म्हणजे मीठ. माझं नाव करंगळी ओढणं, कारण लहानपणी मी मामांची करंगळी सोडत नसे. ऐकलं, समजलं यासाठी मामीने स्वतः खूण ठरवली: त्यांचं बोट मुठीत गच्च दाबायचं. "ह्या माझा व्हय म्हाराजा," म्हणाली. भांडण टप्प्याची वाट न बघता आपोआप आलं. एकदा ती दोघं पायरीवर बसली होती, तोंडं दोन दिशांना आणि हातांची नुसती चापटाचापटी. मामांनी हरल्यावर हात काढून घेतला, तर मामी ओरडली, "अर्ध्यार गाडी सोडून जाव नको!" त्या दिवशी मीही पोटभर हसले. पण हसणाऱ्या आम्ही दोघीच होतो. मामांचे नुसते खांदे हलत होते.

मग ते स्वतःहून तयार झाले. म्हणाले, म्हणजे माझ्या कानाशी तोंड आणून पुटपुटले, "आता चल." त्यांनी मला सांगितलेलं ते शेवटचं वाक्य. डॉक्टरांनी तपासलं, चित्रं दिव्यासमोर धरली, आणि मला बाहेर बोलावून म्हणाले, गाठ बाहेर पसरलीय, आता काढण्यासारखं काही नाही. श्वासासाठी गळ्याला भोक पाडून नळी घालू. आवाज गेलाच. फक्त त्याच्या बदल्यात जे मिळणार होतं, ते आता मिळणार नव्हतं.

घरी आणल्यावर काही आठवडे मिळाले. सकाळची डबल बेल तेव्हाची. मी गेले की दोघं पडवीत दिसायची, मामा आरामखुर्चीत आणि मामी खाली पाटावर, तिचा हात त्यांच्या हातात. नळीतून श्वासाची शीळ येई, एवढाच काय तो आवाज. तासन्तास बोलत असायची. मामी मधेच खुदकन हसायची, मधेच रागाने बोट झटकायची. मला पहिल्या टप्प्यापलीकडे काही येत नव्हतं, त्यामुळे काय बोलणं चाललंय ते कळत नसे. शीळ मात्र मी दर खेपेला ऐकत होते, आणि दर खेपेला ती बारीक होत चालली होती.

शेवटचं मामीने मला दिवसकार्य झाल्यावर सांगितलं. उजाडायच्या सुमारास तिला जाग आली ती तळव्यावर बोट पडल्याने. डबल. तिला वाटलं, न्हाणीघरात जायचंय. ती उठायला लागली तर त्यांनी तिचा हात सोडला नाही. पुन्हा डबल. "मगे माका समाजला गो. जावक सोड म्हणत होते." तिने त्यांच्या तळव्यावर सिंगल दिली. त्यांनी डबल. तिने सिंगल. असं कितीदा झालं कोण जाणे. "मगे नुसती माझीच रवली. सिंगल, सिंगल... तेंका पोचली काय नाय, काय म्हायत." मग तिने उशीखालचा फोन चाचपला, ज्या बटणाने ते रोज मला घंटी द्यायचे ते दाबलं, आणि एकदा वाजू दिलं.

एवढं सांगून झाल्यावर तिने विचारलं, "मी आदीच हात पुढे केलो असतो, तर आज ते आसते. नाय?" खोटं बोलायला तोंड उघडलं होतं. पण या बाईने आवाजावरून गाठ ओळखली होती, तिच्यापुढे माझं खोटं कितीसं टिकणार? म्हटलं, "कदाचित, मामी." तिने मान हलवली. म्हणाली, "बरा केलंस, खोटा बोललंस नाय ता." आणि मग आम्ही दोघीही रडलो.

गेल्या आठवड्यात पुन्हा गेले होते. मामी आता काठी घेते. तिचा मुंबईतला मुलगा माझ्याकडे चल म्हणतो, ती नाही म्हणते. पडवीत पाटावरच बसते, रिकाम्या आरामखुर्चीच्या हातावर तळवा उताणा ठेवून. त्या लाकडावर मामांच्या हाताचा चिकट डाग पडलाय, तो ती कुणाला पुसू देत नाही. संध्याकाळच्या गाडीची वेळ झाली. मी चप्पल घातली, खाली वाकले आणि निघते म्हणायला तिच्या उघड्या तळव्यावर बोटाने दोनदा टिचकी दिली. तिचं सगळं अंग दचकलं. माझं बोट तिने मुठीत गच्च धरलं, चाचपून बघितलं, बांगडी लागली तेव्हा तिला कळलं मी कोण ते. मग माझा हात उलटा करून तिने तळव्यावर एक बोट टेकवलं. एकदाच.

बाहेर रस्त्यावर गाडी थांबली, कुणीतरी उतरलं, आणि कंडक्टरने डबल बेल दिली. मामी तिकडे कान लावून होती. गाडी वळणापार जाईपर्यंत तिने ते बोट उचललं नाही. मी चप्पल काढली आणि पाटाशेजारी खाली बसले.