कारल्याचा रस आणि गौरीचा सूर

पोखर्णीच्या नरसिंहाला मी एकदा नवस बोलले होते. माझी गौरी स्वमग्न आहे. बोलत नाही, पण नाकातून सारखं 'हुंऽऽ' करते. बसमध्ये, लग्नात, कीर्तनात सुद्धा. लोक वळून बघायचे. मी देवाला म्हटलं, "हिचं हे हुं-हुं बंद होईपर्यंत मी गोड तोंडात घालणार नाही." कुणाला सांगितलं नाही. त्यापायी परभणीच्या प्रशिक्षणात जे जे झालं, ते पोटात इतकं साचलंय की आता सांगितल्यावाचून राहवत नाही.

प्रशिक्षण शिक्षकांचं होतं. आमच्यासारख्यांच्या लेकरांना गाणं-वाजवणं कसं शिकवायचं, ते शिकायला गावोगावचे गुरुजी-बाई आले होते. सरावाला मुलं पाहिजेत म्हणून आम्हा आयांनाही बोलावलं होतं.

*

चुडाव्याच्या गुरुजींना नातू झाला होता. चहाच्या सुट्टीत पेढे वाटत आले. मी नको म्हटलं.

"शुगर हाय का ताई?"

नवस सांगावा, तर कशाचा तेही सांगावं लागणार. मी हो म्हणून मान हलवली. झालं! दुसऱ्या दिवसापासून गुरुजी घरून बाटलीत कारल्याचा रस आणायला लागले. समोर उभं राहून प्यायला लावायचे. म्हणायचे, "तीर्थ समजा अन् घ्या."

खोटं बोलणाऱ्याला असंच तीर्थ मिळतं म्हणा.

*

ट्रेनर मॅडमचा पहिला नियम होता, लेकराला घाई करायची नाही. आपण डफावर एक थाप मारायची आणि गप्प बसून वाट बघायची. पिंगळीच्या बाईंना तेवढंच जमत नव्हतं. थाप मारली की लगेच, "म्हण बाळा, वाजव बाळा, शाब्बास बाळा!" गौरी कानावर हात ठेवून कोपऱ्यात जायची.

मग बाई तोंडात लवंग धरून बसायला लागल्या. एकदा बऱ्याच वेळानं गौरीनं आपणहून डफावर थाप मारली. सगळे बाईंकडे बघायला लागले. बाई गप्पच. डोळ्यांतून मात्र घळाघळा पाणी. आम्हाला वाटलं, गहिवरल्या.

बाई म्हणाल्या, "लवंग चावली गेली हो."

*

टाळ्यांना मुलं दचकायची, म्हणून मॅडमनी सांगितलं, शाबासकी द्यायची तर हात वर करून पंजे हलवा. गुरुजींच्या अंगात ते इतकं मुरलं, की पुढं एका सभेत शिक्षण खात्याच्या साहेबांचं भाषण संपल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि गुरुजी एकटेच दोन्ही हात वर करून उभे. साहेबांनी माईकवरूनच विचारलं, "तुमची काय तक्रार आहे?"

*

आता हसू नका, पुढचं हसण्यासारखं नाही.

मॅडमनी सगळ्या आयांना विचारलं, तुमचं लेकरू आपणहून कोणता आवाज काढतं? गाणं तिथूनच सुरू करायचं. माझी पाळी आली. मी म्हटलं, "काहीच नाही."

तेवढ्यात गौरी म्हणाली, "हुंऽऽ."

मी खाली सतरंजीकडे बघत राहिले. मॅडमनी तसंच "हुंऽऽ" केलं. गौरी थांबली. मग तिनं जरा वरच्या पट्टीत केलं. मॅडमनीही केलं. गुरुजींनी पेटीवर तो सूर धरला, बाईंनी हळूच डफ. इतक्या वर्षांत माझ्या लेकीला कुणी उत्तर दिलं नव्हतं. मी तर नाहीच नाही.

जाताना गुरुजींनी बाटली हातात दिली आणि म्हणाले, "ताई, पोरीचा सूर लय पक्का हाय. बंद पडू देऊ नका."

*

शनिवारी गौरीला घेऊन पोखर्णी गाठली. पुजाऱ्यांना म्हटलं, नवस मागं घ्यायचाय.

"लोकं नवस फेडायला येतेत. मागं घ्यायला तुमीच पैल्या. देवानं ऐकला न्हाई म्हणून रुसल्या काय?"

"नाही काका. अजून ऐकला नाही, म्हणूनच घाईनं आले."

त्यांनी गौरीकडे एकदा बघितलं. मग घंटा वाजवली आणि माझ्या हातावर गुळाचा भला मोठा खडा ठेवला. मी देवाला हात जोडले आणि खडा तोंडात टाकला. घंटेचा आवाज विरत आला तशी गौरी म्हणाली, "हुंऽऽ." रांगेतली माणसं वळून बघायला लागली. त्यातूनच ओळखीचा आवाज आला.

"अहो ताई, शुगर!"

चुडाव्याचे गुरुजी, नातू झाला म्हणून दर्शनाला आलेले. माझं तोंड गुळानं भरलेलं. मी म्हटलं, "हुंऽऽ."

गौरीनं उत्तर दिलं. मग गुरुजींनी दिलं.

कधी ती तुम्हाला बसमध्ये, लग्नात भेटली, तर नुसतं वळून बघू नका. तुम्हीही तेवढं 'हुंऽऽ' करा.