विषखात्यातले मामा

विंचवाला अहोजाहो करणारा माणूस साऱ्या गिरणगावात एकच झाला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. संपात त्यांची गिरणी बंद पडली ती कायमचीच. वीस वर्षं साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवलेले मामा मग परळच्या एका प्रयोगशाळेत विंचू सांभाळायला लागले. दुसरा असता तर ही नोकरी चारचौघांत लपवली असती, मामा मात्र छाती फुगवून सांगत, "आधी साचाखात्यात होतो, आता विषखात्यात आहे."

चिमट्याने एकेक विंचू उचलायचा, नांगीला विजेचा हलका झटका द्यायचा आणि काचेवर पडलेला थेंब जपून ठेवायचा, हे त्यांचं काम. झटक्याआधी ते माफी मागत, "जरा त्रास होईल हां, मालक." एकदा गणपतीच्या मंडपासाठी आणलेल्या बांबूंतून विंचू निघाला. सगळ्यांनी चपला उगारल्या, तर मामाच आडवे आले. "थांबा रे! औषध आहे ते!" मामींची लोणच्याची बरणी रिकामी करून त्यांनी विंचू त्यात घातला आणि प्रयोगशाळेत नेला. ती बरणी मामींनी पुन्हा उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही.

औषधाचं त्यांच्या डोक्यात घातलं होतं तिथल्या संशोधक बाईंनी. विंचवाच्या विषातले काही घटक थेट मज्जातंतूंवर काम करतात. त्यातला एखादा वेगळा काढून फेफरं, कंपवात अशा दुखण्यांवर कधीतरी औषध करता येईल, असं त्या म्हणाल्या होत्या. त्यातलं 'कधीतरी' मामांनी ऐकलंच नाही. कारण मामींना कंपवात झाला होता. त्यांच्या हातातली कपबशी चुलीपासून दारापर्यंत वाजत यायची.

एके दुपारी मामा मला गॅलरीत ओढून म्हणाले, "जावईबापू, एक थेंब घरी आणला तर? कोणाला कळणार नाय."

"मामा, आधी बाईंना विचारा," मी म्हटलं.

त्यांनी खरंच विचारलं. बाई रागावल्या नाहीत. "नुसतं विष दिलंत तर मामी हातच्या जातील. औषधाला वर्षं लागतील, आणि होईलच असंही नाही," एवढंच म्हणाल्या. मामांनी घरी येऊन मामींना ते जसंच्या तसं सांगितलं आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

मामी म्हणाल्या, "बरा झाला. आता निदान चाय तरी गाळा."

तेव्हापासून चहा मामा गाळू लागले. मामींची वेणीसुद्धा घालू लागले, तीही साच्यावरच्या सुतासारखी इतकी ताणून, की मामींच्या भुवया दिवसभर वर चढलेल्या असायच्या.

पुढे मामी गेल्या. मामाही निवृत्त झाले. पण महिन्यातून एकदा इस्त्रीचा सदरा घालून प्रयोगशाळेत चक्कर मारत. एकदा मीही बरोबर होतो. बाईंचेही केस आता पिकले होते.

"झालं का हो काही?" मामांनी विचारलं.

"काम चालू आहे, मामा. पण अजून वेळ लागेल."

"लागू द्या," मामा शांतपणे म्हणाले. "मला आता कसली घाई?"